बल्ब कोणता घ्यावा?

आमच्या पेडणे-डिचोलीच्या खेड्यांतून उंच बांध्याच्या मोटारी आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. एके काळी जीप म्हटली की ती सरकारी अंमलदाराची नाही तर खाणीवाल्याची, असा समज असे. आज साध्या शेतकऱ्याच्या दारातही अशी गाडी दिसते. नारळ-काजूची पोती तीतूनच बाजाराला जातात, आजारी माणूस तीतूनच दवाखान्यात पोचतो आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला आजीपासून नातवापर्यंत सारे घर तीतच दाटीवाटीने बसून येते. शहरी लोक हिला एसयूव्ही म्हणतात. आपल्याकडे अजूनही पुष्कळांच्या तोंडी ‘जीप’ हाच शब्द आहे.

अशा गाडीचा पुढचा एक दिवा एके रात्री विझतो आणि घरधन्यापुढे प्रश्न उभा राहतो, की नवा बल्ब कोणता घ्यावा? म्हापशाच्या बाजारात सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानी गेलात तर दुकानदार फळीवर चार खोकी मांडील. एकात साधा बल्ब. दुसऱ्यात निळसर काचेचा. तिसऱ्यात शंभर वॅटचा. चौथ्यात पाठीला पंखा लावलेला एलईडी. किंमत साध्या बल्बाची सर्वांत कमी आणि पंखेवाल्याची सर्वांत जास्त. ‘हा घ्या, रस्ता दिवसासारखा दिसेल,’ असे म्हणून तो शेवटचे खोके पुढे सरकवितो, आणि भोळा गृहस्थ तेच उचलतो.

वाचकहो, आमचे म्हणणे थोडक्यात असे, की योग्य बल्ब म्हणजे सर्वांत लख्ख बल्ब नव्हे. ज्या दिव्यासाठी जो बल्ब कारखान्याने ठरविला, तोच योग्य. हे केवळ काटकसरीचे बोलणे नाही. गाडीचा दिवा आपल्याला दिसावे म्हणून जितका असतो, तितकाच समोरच्याला दिसावे म्हणूनही असतो. ते कसे, हे समजून घेण्यासाठी दिव्याच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे.

दिव्याच्या पोटात काय असते?

जुन्या जीपगाड्यांत बल्ब असा वेगळा नसेच. अमेरिकेत १९४० पासून ‘सील्ड बीम’ची पद्धत रूढ झाली. सात इंची गोल काच, आतील आरसा आणि तार हे सारे एकत्र बंद केलेले असे. तार तुटली की सबंध दिवा फेकून नवा बसवावयाचा. त्यात निवडीचा घोळ नव्हता.

पुढे १९६२ साली युरोपात मोटारीसाठी पहिला हॅलोजन बल्ब आला. त्याला एच-१ म्हणतात. साध्या बल्बात तापलेल्या टंगस्टनच्या तारेचे कण उडून काचेवर बसतात. काच काळवंडते आणि तार झिजते. हॅलोजन बल्बाच्या वायूत आयोडीन किंवा ब्रोमीनचा अंश असतो. तो उडालेले कण पकडून पुन्हा तारेकडे पोचवितो. त्यामुळे तार अधिक तापविता येते, उजेड अधिक मिळतो आणि काच स्वच्छ राहते. १९७१ साली एच-४ आला. ह्या एकाच बल्बात दोन तारा असतात, एक दूरच्या उजेडासाठी, म्हणजे हाय बीमसाठी, व दुसरी जवळच्या, म्हणजे लो बीमसाठी.

आता मुख्य मुद्दा. लो बीमच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे उजेड आरशाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो व तेथून परावर्तित होऊन खाली रस्त्यावर येतो. वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांकडे, जाणारा उजेड त्या वाटीने अडविलेला असतो. तार आणि वाटी ह्यांची जागा अगदी नेमकी ठरलेली असते; ती किंचित चुकली तरी उजेडाची सारी मांडणी बिघडते. म्हणून बल्ब, आरसा आणि काच हे त्रिकूट एकमेकांसाठीच घडविलेले आहे असे समजावे. त्यांपैकी एकास परस्पर बदलून चालत नाही.

नाव कोठे शोधावे?

बल्बांची नावे वरवर सारखी दिसतात, पण सोयरीक वेगवेगळी असते. एच-४ बल्ब १२ व्होल्टचा व ६०/५५ वॅटचा. जुन्या बोलेरोसारख्या गाड्यांत तोच असतो. एच-७ एका तारेचा, ५५ वॅटचा. एचबी-३ ६० वॅटचा. तो पुष्कळदा हाय बीमला वापरतात. एच-८, एच-९ आणि एच-११ ही तर जुळी भावंडे वाटावीत इतकी एकसारखी. परंतु पहिला ३५, दुसरा ६५ आणि तिसरा ५५ वॅटचा. त्यांच्या बैठकीवरील खाचा मुद्दाम निराळ्या ठेवलेल्या असतात, कारण एकाच्या जागी दुसरा जाऊ नये. काही हौशी कारागीर कानशीने ती खाच घासून एच-११च्या जागी एच-९ बसवितात. कुलपाला दुसरी किल्ली घासून बसविण्यासारखाच हा प्रकार. ट्रकचा बल्बही कधी चुकून गळ्यात पडतो. तो २४ व्होल्टचा असल्याने १२ व्होल्टच्या गाडीत मिणमिणतो.

मग आपल्या गाडीचे नेमके नाव कसे कळावे? पहिली जागा म्हणजे गाडीसोबत मिळालेले मार्गदर्शक पुस्तक. त्यात शेवटच्या भागात बल्बांचे कोष्टक असते. दुसरी जागा जुना बल्ब. त्याच्या धातूच्या बैठकीवर नाव, व्होल्ट आणि वॅट कोरलेले असतात. मात्र आधीच्या मालकाने भलताच बल्ब बसविला असण्याचा संभव असतो. म्हणून पुस्तकाशी ताडून पाहावे. पुस्तक हरवले असल्यास कंपनीच्या अधिकृत दुकानी सतरा अक्षरांकांचा चासी नंबर द्यावा. केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक आणि प्रकारागणिक दिवे बदललेले असतात. स्वस्त प्रकारात आरशाचा दिवा आणि महाग प्रकारात भिंगाचा, म्हणजे प्रोजेक्टर, असे पुष्कळदा घडते. शेजाऱ्याच्या गाडीला बसला म्हणून आपल्याला बसेल, असे धरून चालू नये.

घेताना बल्बावर वर्तुळात ‘ई’ हे रोमन अक्षर व शेजारी अंक आहे ना, हे पाहावे. ती आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मिळालेल्या मान्यतेची खूण आहे. अंक मान्यता देणाऱ्या देशाचा असतो. उदाहरणार्थ, १ म्हणजे जर्मनी.

चार खोक्यांची परीक्षा

साध्या ६०/५५ वॅटच्या चांगल्या एच-४ बल्बाचा उजेड हाय बीमवर सुमारे १६५० ल्यूमेन आणि लो बीमवर सुमारे १००० ल्यूमेन असतो. दिवा स्वच्छ व नीट रोखलेला असेल तर खेड्यातील रस्त्याला तेवढा पुरतो.

निळसर काचेचा बल्ब पांढरा दिसतो, पण तो पांढरेपणा निळ्या लेपाने उजेडातील पिवळा-तांबडा भाग गाळून आणलेला असतो. गाळल्यावर शिल्लक राहणारे कमीच असणार. पावसाळी रात्री ओल्या डांबरावर तो फिकट उजेड हरवून जातो, हे चोर्ला घाटाच्या धुक्यातून उतरलेल्या कोणालाही विचारावे.

शंभर वॅटचा बल्ब हा तर घरातील आगीचे निमित्त. ६० वॅटच्या बल्बाला १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह लागतो. शंभराला ८ अँपिअरहून जास्त. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे येथे ती पावणेतीन पटींच्या आसपास जाते. वायरिंग, होल्डर व स्विच पाचाच्या हिशेबाने केलेले असतात. परिणामी होल्डरचे प्लॅस्टिक वितळते आणि आरशाची चकाकी करपते. एकदा आरसा करपला की मग कोणताही बल्ब घातला तरी उजेड पूर्वीसारखा पडत नाही.

चौथा पंखेवाला एलईडी. एलईडी स्वतः वाईट नाही. पण तारेच्या जागी बसविलेल्या त्याच्या चपट्या पट्टीतून उजेड निराळ्याच रीतीने फाकतो. आरसा तारेसाठी घडविलेला. तो ह्या पाहुण्याला ओळखत नाही आणि उजेड नको तेथे, म्हणजे वर व आजूबाजूला, उधळतो. चालकाला जवळचा रस्ता झगझगीत दिसतो. परंतु दूरवर काय आहे हे पूर्वीहून कमी दिसते, आणि समोरचा आंधळा होतो. जर्मनीत २०२० साली अशा प्रकारच्या एका बल्बाला प्रथमच मान्यता मिळाली. तीही ठराविक गाड्यांच्या यादीपुरती, प्रत्येक दिव्यात बसवून तपासल्यावर. ज्या नव्या गाड्यांत कारखान्यातूनच एलईडीचे संपूर्ण दिवे येतात, त्यांची गोष्ट निराळी. तेथे पुष्कळदा बल्ब बदलण्याची सोयच नसते आणि सबंध दिवाच बदलावा लागतो. सील्ड बीमच्या काळाकडे चक्र पुन्हा फिरले म्हणावयाचे!

रस्त्यावरचा शेजारी

हे सारे यंत्राचे झाले. आता माणसाचे बोलू. आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांचा मुलगा कुवेतला नोकरीस आहे. सुट्टीवर येताना त्याने वडिलांच्या गाडीसाठी तिकडचे एलईडी बल्ब हौसेने आणले व स्वतःच बसविले. गाडीचे दिवे असे पेटले, की अंगणातल्या माडांचे शेंडे दिसू लागले. घरच्यांना कौतुक वाटले. आठ दिवसांनी शेजारच्या वाड्यावरील दुधाचा रतीब घालणारी म्हातारी ह्या गृहस्थांना वाटेत भेटली. ती म्हणाली, “बाबा, तुझी गाडी आली की मला काही दिसत नाही रे. काल पाय गटारात गेला. दूध सांडले ते सांडू दे, पण हाड मोडले असते तर?”

ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “फादर, म्हातारीची नजरच अधू झाली आहे. दिव्याचा काय दोष?”

आम्ही म्हटले, “नजर कोणाची अधू, ते आज रात्रीच पाहू. गाडी रस्त्यावर उभी करा, मुलीला चावी द्या, आणि म्हातारी चालते त्या कडेने तुम्ही स्वतः चालत या.”

ते तसे चालत आले. पंधरा पावलांवर येताच त्यांनी हात डोळ्यांपुढे धरला आणि जागच्या जागी थांबले. गटार कोठे, दगड कोठे, काहीच दिसेना. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, “उद्या काढून टाकतो.” दुसऱ्या दिवशी साध्या ६०/५५ वॅटच्या बल्बांची जोडी आली. म्हातारीचा रतीब निर्वेध चालू आहे.

वाचकहो, ही परीक्षा प्रत्येकास घरच्या घरी करता येण्याजोगी आहे. कायद्याचीही तीच कसोटी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ह्यांतील नियम १०६ सांगतो, की दिव्याचा झोत कायम खाली वळविलेला असावा. इतका, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला दिपवू नये. दीड मीटर म्हणजे पायी चालणाऱ्या साधारण बाईच्या डोळ्यांची उंची. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ ह्यातील कलम ५२ अन्वये गाडीच्या मूळ घडणीत मनमानी बदल करता येत नाही.

उंच गाडीच्या मालकावर तर ही जबाबदारी अधिक. लहान मोटारीचे दिवे खाली असतात, जीपचे वर. तोच झोत स्कूटरवाल्याच्या थेट डोळ्यांत जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. समोरचा चालक दोनच सेकंद दिपला, तरी तेवढ्यात तो ३३ मीटर आंधळा गेला. पत्रादेवीपासून धारगळ, कोलवाळपर्यंतचा महामार्ग घ्या, मोपाच्या विमानतळाकडे जाणारी वर्दळ घ्या, अथवा अस्नोड्याहून डिचोलीकडे, तेथून साखळीकडे जाणारा वळणावळणाचा रस्ता घ्या. ह्या ३३ मीटरांत गाय बसलेली असते, सायकल असते, लदीनीहून परतणारी मुले असतात. केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर उतारामुळे गाडीचे नाक वर होते. तेथे तर समोर कोणी असता हाय बीम चालू ठेवणे म्हणजे डोळ्यांत माती फेकण्यासारखेच.

आखातातून वस्तू आणणाऱ्या कुटुंबांस आणखी एक सूचना. बल्ब तिकडचा व इकडचा एकाच मापाचा असू शकतो. पण सबंध दिवा आणू नये. कुवेत, दुबई येथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तेथील लो बीम उजवीकडे जरा वर चढलेला असतो, जेणेकरून कडेचा पादचारी दिसावा. आपण डावीकडून चालतो. तोच दिवा येथे समोरून येणाऱ्यावर रोखला जातो. पोर्तुगालने १९२८ साली उजवीकडून चालण्याचा नियम केला, तेव्हाही गोव्यात वाहने डावीकडूनच चालत राहिली. त्यामुळे १९६१ नंतरही आपल्याला बाजू बदलावी लागली नाही.

बसविण्यापूर्वी व बसविल्यावर

पुष्कळदा दोष बल्बाचा नसतोच. हॅलोजन बल्बाला मिळणारा दाब दहा टक्क्यांनी घटला तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. किनाऱ्याकडील खारी हवा व पावसाळ्याची ओल ह्यांनी होल्डर आणि अर्थिंगच्या जोडांवर गंज चढतो व दिवा पिवळट दिसू लागतो. खाणींच्या भागातील तांबडी धूळ काचेवर बसते; प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडते. म्हणून आधी काच धुवावी, जोड घासून घ्यावेत, बॅटरी तपासावी. मग बल्बाचा विचार करावा.

बल्ब जोडीने बदलावेत. एक गेला की दुसऱ्याचेही दिवस भरत आलेले असतात, आणि एक नवा व एक जुना असल्यास दोन्हींकडील उजेड विषम पडतो. दिवा बंद करून तो थंड होऊ द्यावा. नवा बल्ब धातूच्या बैठकीला धरावा. काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तापलेल्या काचेवर डाग पाडते व तेथेच काच फुटण्याचा धोका असतो. बोट लागलेच तर स्पिरिटने पुसून घ्यावे. एच-४च्या बैठकीला तीन कान असतात व तो एकाच रीतीने बसतो. बसत नसल्यास जोर न करता पुन्हा पाहावे. पाठीमागचे रबरी टोपण घट्ट लावावे, नाही तर पहिल्याच सरीत दिव्यात पाणी शिरेल.

शेवटी भिंतीची कसोटी. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करावी. जमिनीपासून दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने रेघ ओढावी. लो बीमच्या उजेडाची वरची कड ह्या रेघेच्या सुमारे दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. गाडीच्या पुस्तकात अथवा दिव्यावर निराळे प्रमाण दिले असेल तर ते मानावे. मागे पोती वा माणसे भरली की गाडीचे नाक वर होते. तेव्हा चालकाजवळची दिवे खाली-वर करण्याची चकती पुढच्या अंकावर न्यावी. पुष्कळ गाड्यांत ती असते, पण वापरणारे विरळा. ज्यास हे जमत नसेल त्याने गावच्या मेस्त्रीकडे जावे. मात्र बल्बाचे नाव कागदावर लिहून न्यावे आणि तोच मागावा.

ह्या सर्व खटाटोपास खर्च फार येत नाही. चांगला साधा बल्ब काही शे रुपयांत मिळतो आणि पंखेवाल्याच्या मानाने तो स्वस्तच पडतो. वाचलेल्या पैशातून घरातील शाळकरी मुलांच्या दप्तरांवर व सायकलींवर उजेडात चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात, म्हणजे दुसऱ्याच्या साध्या दिव्यातही ती दुरून दिसतील. आणि आज रात्री गाडी दारात आली की घरच्या कोणाला तरी आत बसवून दिवे लावावयास सांगावे, आठ मीटर पुढे जाऊन उभे राहावे आणि आपलाच उजेड एकदा आपल्या डोळ्यांनी पाहावा.